मँडोलिनची जोडणी : निर्णयांचा क्रम

मँडोलिन हे छेडून वाजवण्याचे तंतुवाद्य आहे. त्याला तारांच्या चार जोड्या, म्हणजे एकूण आठ तारा असतात. या जोड्या व्हायोलिनच्याच स्वरांत लावल्या जातात. इटलीतील नेपल्स शहरात घडणाऱ्या मँडोलिनची पाठ तुंब्यासारखी फुगीर असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील ऑर्व्हिल गिब्सन या कारागिराने व्हायोलिनप्रमाणे कोरलेली, उथळ पाठीची मँडोलिन घडवली. भारतात सज्जाद हुसेन आणि यू. श्रीनिवास यांच्यासारख्या वादकांनी या वाद्याला प्रतिष्ठा मिळवून दिली.

हे वाद्य सुट्या भागांच्या संचातूनही तयार करता येते. तबली, पाठ, वाकवलेल्या बाजू, दांडी, पडद्यांची पट्टी व खुंट्या असे भाग त्यात असतात. भाग तयार मिळाले, तरी नाद तयार मिळत नाही. तो जोडणाऱ्याच्या निर्णयांवर अवलंबून असतो. त्यांपैकी काही निर्णय मागे घेता येतात, काही घेता येत नाहीत. हा भेद ओळखणे, हे या कामातील पहिले शहाणपण होय.

आरंभी आकार ठरवावा लागतो. नासपतीसारखा साधा आकार जोडण्यास सोपा असतो. खांद्याशी वळसा असलेला आकार देखणा दिसतो. परंतु त्याला श्रम पुष्कळ लागतात आणि नादात त्यामुळे फारसा फरक पडत नाही. त्यानंतर तबलीवरील छिद्राचा प्रश्न येतो. लंबगोल छिद्रामुळे नाद मऊ व रेंगाळणारा होतो. १९२२ साली गिब्सन कंपनीने व्हायोलिनसारखी दोन छिद्रे असलेली मँडोलिन आणली. तिचा नाद अधिक ठसठशीत व दूरवर पोहोचणारा ठरला. छिद्राच्या जागेनुसार तबलीच्या आतील आधारपट्ट्यांची मांडणी बदलते. म्हणून हे दोन्ही निर्णय एकत्रच घ्यावे लागतात.

सर्वांत नाजूक निर्णय तबलीच्या जाडीचा असतो. पातळ तबली मोकळेपणाने कंप पावते. पण आठ तारांचा एकूण ताण सुमारे ७० ते ८५ किलोग्रॅम असतो. तबली फार पातळ झाली, तर घोडीखाली ती खचते. तासून काढलेले लाकूड पुन्हा बसवता येत नाही. यासाठी थोडे तासावे, बोटाने टकटक करून ऐकावे आणि मगच पुढे जावे.

काही निर्णय संचानेच घेतलेले असतात. पडद्यांच्या खाचा आधीच पाडलेल्या असल्यास तारेची लांबी ठरून जाते. बारावा पडदा त्या लांबीच्या मध्यावर असतो. त्यामुळे तारेच्या वरच्या आधारापासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढे अंतर, त्याहून किंचित अधिक अंतरावर घोडी येते. ही जागा तबलीवर योग्य ठिकाणी पडते की नाही, हे दांडी चिकटवण्यापूर्वीच मोजून पाहावे. प्राणिज सरसाने जोडलेला सांधा उष्णता व ओलावा देऊन उकलता येतो. अनेक कृत्रिम गोंदांचा सांधा सहजी सुटत नाही.

घोडीची उंची, तारांची जाडी यांसारखे निर्णय मात्र शेवटी बदलता येतात. म्हणून त्यांची चिंता आधी करू नये. प्रत्येक भाग प्रथम न चिकटवता जुळवून पाहावा. जे बदलता येणार नाही, तेथे वेळ द्यावा. जे बदलता येईल, तेथे प्रयोग करावा. हा क्रम पाळणाऱ्या नवशिक्याच्या हातूनही वाजण्याजोगे वाद्य घडू शकते.