बरकतपुरा : पाच भाषांच्या शेजारात

काचीगुडा स्थानकातून बाहेर पडून नारायणगुड्याच्या दिशेने निघालात की बरकतपुरा लागतो. मधोमध चमन नावाने ओळखली जाणारी छोटी बाग, भविष्य निर्वाह निधीचे मोठे कार्यालय, राघवेंद्र स्वामींचा मठ आणि गल्ल्यांमधून जुन्या घरांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती. पर्यटकांच्या यादीत हे नाव कधी येत नाही. तरीही हैदराबादचा सांस्कृतिक नकाशा समजून घ्यायचा असेल तर चारमिनारपेक्षा इथून सुरुवात करावी, असे मला वाटते. कारण इथून पायी जाता येईल अशा अंतरावर तेलुगू, मराठी, उर्दू, कन्नड आणि हिंदी अशा पाच भाषांनी आपापली घरे थाटली आहेत.

काचीगुड्याचे देखणे स्थानक १९१६ चे. नांदेड, परभणी, जालन्याचा माणूस निझामाच्या राजधानीत शिकायला, नोकरीला किंवा कोर्टकचेरीसाठी यायचा, आणि स्थानकाच्या आसपास त्याचे कुणी ना कुणी असायचेच. या भागातल्या मराठी घरांत आजही एकाच दिवसात तीन भाषा सहज फिरतात: भाजीवालीशी तेलुगू, रिक्षावाल्याशी दखनी, आजीशी मराठी.

मराठी संस्था मात्र थोड्या पलीकडे, कोठीच्या बाजूला आहेत. जांबबागेत १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी, इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय आणि मराठी साहित्य परिषद. वामनराव नाईक, केशवराव कोरटकर यांच्यासारख्या मंडळींनी सरकारदरबारची भाषा उर्दू असताना मराठी शिक्षणासाठी विवेकवर्धिनी उभी केली. ज्ञानकोशकार केतकरांच्या अध्यक्षतेखाली १९३१ चे साहित्य संमेलन हैदराबादेत भरले, त्यामागे अशाच माणसांची मेहनत होती. सुलतान बाजारातले श्रीकृष्णदेवराय आंध्रभाषा निलयम तर त्याहून जुने, १९०१ चे. ते उभारणाऱ्यांत कोमर्राजू लक्ष्मणराव होते. त्यांचे शिक्षण नागपूरला झाले होते आणि ते मराठी नियतकालिकांत लिहीत. तेलुगूतल्या पहिल्या ज्ञानकोशाचे काम हाती घेणारा हा माणूस मराठी वाचत, मराठीत लिहीत घडला, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

एक गोष्ट मात्र या परिसरातल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवी. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निझाम राज्यातल्या समाजसुधारकांची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. भाषणे इंग्रजी, उर्दू, मराठीत चालली होती. आलमपल्ली वेंकट रामाराव नावाचे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले, तेव्हा सभेत हुल्लड झाली आणि त्यांना खाली बसावे लागले. ज्या राज्यात सर्वांत जास्त लोक तेलुगू बोलत, तिथल्या राजधानीत तेलुगूची ही अवस्था झाली, आणि ती मराठी संस्थेच्या छपराखाली झाली. दुखावलेली मोजकी तेलुगू मंडळी त्याच रात्री एकत्र आली आणि आंध्र जनसंघ स्थापन झाला. त्यातूनच पुढे आंध्र महासभा उभी राहिली. माडपाटी हनुमंतराव त्या पहिल्या मंडळींपैकी एक. पुढे ते हैदराबादचे महापौर झाले.

यानंतर जे घडले ते पाहायला बरकतपुऱ्याहून नारायणगुड्यापर्यंतच चालावे लागते. माडपाटींनी १९२८ च्या सुमारास तिथे तेलुगू माध्यमाची मुलींची शाळा काढली. निझामी शिक्षणखात्याकडून तेलुगू माध्यमाला मान्यता मिळेना, आणि मान्यता नाही तर परीक्षा नाही. तेव्हा शाळा जोडली गेली ती पुण्याच्या कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला. मातृभाषेतून शिक्षण हे त्या विद्यापीठाचे १९१६ पासूनचे तत्त्वच होते. ज्यांच्या अध्यक्षतेखालच्या सभेत तेलुगूचा अवमान झाला, त्यांच्याच विद्यापीठामुळे नारायणगुड्याच्या मुली तेलुगूतून शिकून परीक्षा देऊ शकल्या. शाळा आज माडपाटींच्या नावाने ओळखली जाते. दोन संस्थांनी एकमेकींना बळ देणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला या शहरात सापडत नाही. त्यात सत्कार नव्हते, ठराव नव्हते. एकीकडे गरज होती, दुसरीकडे अधिकार होता, आणि तो वापरला गेला.

याच परिसराने भाषेपायी आणि मतापायी मोजलेली किंमतही पाहिली आहे. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान भारतातल्या विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये याच काचीगुडा भागात रस्त्यावर त्यांची हत्या झाली. उर्दू म्हणजे निझामाची बाजू असे सरसकट समजणाऱ्याने हे नाव लक्षात ठेवावे.

राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा गेला आणि इथली मराठी माणसे अल्पसंख्य झाली. तेव्हा इथल्या मराठी साहित्य परिषदेने आपल्या नियतकालिकाला 'पंचधारा' हे नाव दिले आणि मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू, हिंदी साहित्याला त्यात जागा दिली. १९२१ च्या सभेला दिलेले हे उशिराचे, पण नेमके उत्तर आहे, असे मी मानतो. दुसऱ्या बाजूनेही दारे उघडी होतीच. पी. व्ही. नरसिंह रावांनी हरी नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली. आणि ज्यांच्या जन्मदिनी, ९ सप्टेंबरला, तेलंगण आपला भाषादिन साजरा करते ते काळोजी नारायणराव मराठी वडिलांचे आणि कन्नड आईचे पुत्र.

आज अडचण वेगळी आहे. या संस्थांना इमारती आहेत, कपाटे भरून पुस्तके आहेत. येणारी माणसे मात्र बहुतेक निवृत्त. घरातली मुले मराठी बोलतात, पण वाचतात इंग्रजी आणि शाळेत शिकतात तेलुगू किंवा हिंदी. एकेकट्या संस्थेला हे पेलणार नाही. म्हणून काम वाटून घ्यावे. इसामिया बाजार आणि सुलतान बाजार इथली दोन ग्रंथालये हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांनी सूची एकत्र करावी, म्हणजे तेलुगूतून मराठीत आणि मराठीतून तेलुगूत काय काय आले आहे हे एका जागी कळेल. चिक्कडपल्लीच्या त्यागराय गानसभेत मराठी नाट्यसंगीताची संध्याकाळ व्हावी आणि विवेकवर्धिनीत तेलुगू पद्यनाटक. ९ सप्टेंबरचा कार्यक्रम मराठी परिषदेने करावा, २७ फेब्रुवारीचा, म्हणजे मराठी भाषादिनाचा, आंध्रभाषा निलयमने. दोन्हीकडे बोलायला उभ्या राहणाऱ्याने आपल्याच भाषेत बोलावे, आणि त्याचा अनुवाद करायला बरकतपुऱ्यातल्या घराघरांतली, दोन्ही भाषा जाणणारी मुले बोलवावीत.