लिनक्स संगणकास नवी डिस्क जोडताना : नाव आणि ओळख

संशोधनाची सामग्री वाढत गेली म्हणजे संगणकाची मूळ डिस्क अपुरी पडते व दुसरी हार्ड डिस्क जोडणे ओघानेच येते. केबल जोडण्याविषयी लिहिण्याचे कारण नाही. खरा घोटाळा होतो तो नावांच्या बाबतीत.

लिनक्स एका डिस्कला 'एसडीए', दुसरीस 'एसडीबी' असे संबोधते. ही नावे डिस्कच्या अंगची नव्हेत. यंत्र सुरू होताना त्या ज्या क्रमाने आढळतात, त्या क्रमाची ती निदर्शक होत. पुढच्या वेळी क्रम तोच राहील याची हमी नाही. नवी डिस्क 'एसडीबी'च असणार असे गृहीत धरून 'एमकेएफएस' ही आज्ञा देणारा कित्येक वर्षांची सामग्री क्षणात गमावू शकतो. तत्पूर्वी 'एलएसबीएलके' या आज्ञेस आकार, मॉडेल व अनुक्रमांक विचारून ते डिस्कवरील चिठ्ठीशी ताडून पाहावेत.

विभागणीसाठी जीपीटी तक्ताच घ्यावा. जुन्या एमबीआर तक्त्यात सेक्टरचा क्रमांक 32 बिटांत लिहिला जात असल्याने, 512 बाइटांच्या सेक्टरांच्या हिशेबाने, सुमारे 2.2 टेराबाइटांपुढील जागा त्याच्या आवाक्याबाहेर राहते.

फाइल-व्यवस्था रचली जाताना तिला 128 बिटांचा यूयूआयडी हा ओळख-क्रमांक मिळतो; 'बीएलकेआयडी' ही आज्ञा तो दाखविते. 'एफएसटॅब' फाइलीत कायमची नोंद करताना 'एसडीबी'ऐवजी हाच क्रमांक लिहावा.

या नोंदीत 'नोफेल' हा पर्याय घालावा की नाही, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. तो नसेल व डिस्क सापडली नाही, तर सिस्टमडी वापरणारे यंत्र सामान्यतः 90 सेकंद थांबून आपत्कालीन अवस्थेत जाते; दूरच्या खोलीतील सर्व्हरच्या बाबतीत ही मोठीच अडचण होय. तो असेल तर यंत्र सुरू होते, परंतु डिस्क जेथे जोडावयाची ती निर्देशिका मूळ डिस्कवर रिकामी उरते. गणनेचे प्रोग्राम निमूटपणे तेथेच लिहितात, मूळ डिस्क भरते, आणि नवी डिस्क पुन्हा जोडली गेली की त्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात. त्या नष्ट झालेल्या नसतात. पण शोधणाऱ्यास दिसत नाहीत. यावर उपाय असा की, डिस्क जोडण्यापूर्वीच ती रिकामी निर्देशिका 'सीएचएटीटीआर' आज्ञेने अपरिवर्तनीय करून ठेवावी. मग डिस्क नसताना लिहिण्याचा प्रयत्न झाल्यास तत्काळ त्रुटी दिसते. आमच्या मते 'नोफेल' घ्यावा, पण या तजविजीसह.

नोंद झाल्यावर यंत्र लगेच बंद करून पाहू नये. प्रथम 'माउंट' ही आज्ञा 'ए' या पर्यायासह द्यावी. 'एफएसटॅब'मधील चूक यंत्र चालू असतानाच उघडकीस येते व तेथल्या तेथे दुरुस्त करता येते.