दागिन्यांचे छायाचित्रण
दागिन्यांचे छायाचित्रण हा वस्तुछायाचित्रणाचा एक प्रकार आहे. खानदेशातील जळगाव शहर सोन्याच्या बाजारपेठेमुळे ‘सुवर्णनगरी’ म्हणून ओळखले जाते. तेथील हातघडणीच्या दागिन्यांसारख्या वस्तूंसाठी साधने निवडताना कॅमेऱ्याच्या आधी प्रकाश आणि लेन्स यांचा विचार करणे हिताचे ठरते. चकाकी दिलेल्या सोन्यात दिवा, छायाचित्रकार, इतकेच नव्हे तर कॅमेराही आरशासारखा उमटतो. म्हणून थेट फ्लॅशऐवजी पांढऱ्या कापडातून पसरवलेला प्रकाश वापरतात. सुमारे १०० मिमीची मॅक्रो लेन्स पुरेसे अंतर राखून १:१ प्रतिमा देते; ५० मिमीची लेन्स इतकी जवळ न्यावी लागते, की तिची सावली दागिन्यावर पडते. जवळून टिपताना थोडाच भाग सुस्पष्ट येतो. त्यामुळे अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११ ठेवतात. शटर अधिक वेळ उघडे राहत असल्याने तिपाई आवश्यक ठरते. स्वयंचलित श्वेतसंतुलनात सोन्याचा पिवळेपणा फिका पडू शकतो. तो करड्या कार्डाच्या आधारे सुधारता येतो.