स्पेलिंग एक, उच्चार दोन!

गोष्ट आमच्या थर्ड इयरची. मशिन्सची व्हायवा चालू होती. माझा रूम पार्टनर अंबड तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. स्लिप रिंग मोटरबद्दल विचारल्यावर तो 'वूंड रोटर' म्हणाला आणि मागची पोरं फिस्कन हसली. रोटर सर्किटला बाहेरून रेझिस्टन्स जोडला की सुरुवातीचा टॉर्क वाढतो आणि करंट कमी होतो, हे त्याला आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. पण हसणं ऐकून गडी गप्पच झाला. मार्क गेले ते गेलेच.

आता यात त्याची चूक किती? डब्ल्यू-ओ-यू-एन-डी हे स्पेलिंग 'वूंड' वाचलं तर जखम, 'वाउंड' वाचलं तर गुंडाळलेलं. हे 'वाउंड' ज्या 'वाइंड'चं रूप, त्याचं स्पेलिंग पुन्हा वाऱ्याच्या 'विंड'सारखंच! बॅटरीतलं शिसं म्हणजे 'लेड', मीटरला जोडायची वायर म्हणजे 'लीड'. स्पेलिंग तेच. घड्याळातलं 'मिनिट', पण बारीक तडा मात्र 'मायन्यूट'. स्विच 'क्लोज' करायचा, पण फिट 'क्लोस' असतो.

असं का होतं? विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू पक्की होत गेली, लोकांचं बोलणं मात्र बदलत राहिलं. शिवाय काही शब्द मुळातच वेगळे, फक्त लिहिताना एकसारखे झाले.

काही जोड्यांना एक सोपा नियम लागू पडतो. नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्या. लॅबचं 'रे'कॉर्ड, पण रीडिंग रि'कॉर्ड' करायचं. तसंच ऑब्जेक्ट, प्रोजेक्ट, परमिट. पण 'रिपोर्ट' आणि 'कंट्रोल' हा नियम पाळत नाहीत, दोन्हीकडे जोर दुसऱ्याच भागावर. शंका आली तर डिक्शनरी उघडा. उच्चार दाखवताना वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते, तिच्या लगेच पुढच्या भागावर जोर द्यायचा.

आणि इंग्रजीला नावं ठेवण्याआधी आपल्या मेसमध्ये बघा. टेबलावरचा पाण्याचा 'जग' आणि आपण राहतो ते 'जग', दोन्हींतला 'ज' एकच आहे का? 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाची 'जरा' मोठ्याने म्हणून बघा. लिहायला एक, बोलायला दोन. कुठे कोणता 'ज' हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, घरात ऐकून आलं. माझ्या पार्टनरच्या घरात 'वाउंड' कोण म्हणणार होतं?

त्या रात्री आम्ही दोघांनी असे तीसेक शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहिले आणि मोठ्याने म्हटले. त्यातले निम्मे मीही चुकीचेच म्हणत होतो. व्हायवात मला ते कुणी विचारले नाहीत, एवढंच!

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'वूंड रोटर' म्हणालं तर हसू नका. बाहेर आल्यावर हळूच सांगा. आणि व्हायवा घेणाऱ्या सरांना व मॅडमना एक विनंती, उच्चार चुकला तरी पुढचं उत्तर जरूर ऐकून घ्या.