बाळ मान धरत नाही, दोष कोणाचा?

चार महिन्यांचं बाळ. नजर तरतरीत, हाक मारली की हसतं. पण मान धरत नाही, पाय हलवत नाही, उचललं की ओल्या कपड्यासारखं लोंबतं. वॉर्डात नर्स असताना अशी बाळं मी पाहिली आणि दर वेळी बोट आईकडेच दाखवलेलं पाहिलं.

हा आजार एसएमए असू शकतो. त्यात बिघडलेला जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावा लागतो. दोघं स्वतः ठणठणीत असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात आजाराची शक्यता चारात एक. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याच्या रीतीने ती वाढते, हेही बोललंच पाहिजे.

स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसपेशींना जगायला एक प्रथिन लागतं. ते बनवणारा एसएमएन-१ जनुक या बाळांत नसतो किंवा बिघडलेला असतो. त्याचा जुळा भाऊ एसएमएन-२ असतो, पण त्याचा निरोप, म्हणजे आरएनए, तयार होताना बहुतेक वेळा सातवा तुकडा गळतो आणि प्रथिन अधुरं राहतं. निरोपावर नेमक्या जागी पट्टी चिकटवली तर तो तुकडा गळत नाही. मात्र साध्या आरएनएची पट्टी शरीरातली विकरं लगेच कुरतडून टाकतात. म्हणून शास्त्रज्ञांनी निसर्गात नसलेली पट्टी घडवली. अक्षरं जवळपास तीच, कणा वेगळा: साखरेला जादा शेपटी, आणि दोन अक्षरांमधल्या दुव्यात ऑक्सिजनच्या एका अणूच्या जागी गंधक. आता विकरांचे दात लागत नाहीत, पण निरोपावर ती घट्ट बसते.

हेच नुसिनर्सेन, फक्त १८ अक्षरांचं. अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. कमरेत सुई घालून ते मणक्यातल्या पाण्यात सोडतात. पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा, मग दर चार महिन्यांनी, कारण मूळ जनुक तसाच राहतो. मेलेल्या नसपेशी परत येत नाहीत. म्हणून “मोठं झालं की धरेल मान” म्हणत थांबू नका, बालरोगतज्ज्ञाकडून जनुकाची रक्ततपासणी करून घ्या.

अमेरिकेत पहिल्या वर्षाचा खर्च साडेसात लाख डॉलर ठरवला गेला. माझ्या मते ही किंमत रसायनाची नाही, मक्तेदारीची आहे. आपल्याकडे दुर्मीळ आजार धोरणाखाली ठरावीक केंद्रांतून ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. परळचं केईएम त्यातलं एक. आयुष्यभराच्या औषधाला ते पुरणारे नाहीत, तरी अर्ज कराच.

आणि पुढच्या बाळाचा विचार असेल तर आधी तपासणी दोघांची करा, एकट्या सुनेची नको.