साठाव्या अक्षांशावरील धाव

स्कॉटलंडच्या उत्तरेस, अटलांटिक महासागर आणि उत्तर समुद्र यांच्या सीमेवर शेटलंड हा द्वीपसमूह आहे. शंभराहून अधिक बेटांच्या या समूहातील केवळ 16 बेटांवर मनुष्यवस्ती असून एकूण लोकसंख्या सुमारे 23,000 आहे. 60 अंश उत्तर अक्षवृत्त या बेटांमधून जाते. त्यामुळे डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य सकाळी नऊनंतर उगवतो आणि दुपारी तीनच्या सुमारास मावळतो. अशा ऋतूतही येथील काही लोक टेकड्यांवर धावण्याचा व्यायाम सोडत नाहीत.

इतक्या उत्तरेला असूनही येथील हिवाळा हाडे गोठवणारा नसतो. उबदार सागरी प्रवाहामुळे सरासरी तापमान साधारणपणे 3 ते 5 अंश सेल्सिअस राहते. मात्र वारा अतिशय प्रबळ असतो. झाडे फारच थोडी असल्याने त्याला अडथळा नसतो. शरीराभोवती उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो सतत उडवून नेतो. म्हणून तापमान 4 अंश असताना वारा ताशी 50 किलोमीटर वेगाने वाहू लागला, तर उघड्या त्वचेला उणे 3 अंशांइतका गारवा जाणवतो. त्यात कपडे पावसाने वा घामाने भिजले, की शरीराची उष्णता अधिकच वेगाने निघून जाते.

येथील सर्वांत उंच टेकडी रोनास हिल ही अवघी 450 मीटर उंच आहे. उंची अल्प असली तरी वाट सोपी नाही. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या, पीट नावाच्या ओल्या मातीत पाय रुततात. माथ्याजवळ ग्रॅनाइटचे सुटे दगड पसरलेले असतात. धुके उतरले, की दिशा कळेनाशी होते. चढावर लहान पावले टाकावी लागतात. उतारावर नजर पायाखालच्या जमिनीवर ठेवावी लागते.

मग हा खटाटोप कशासाठी? दीर्घ अंधाराचा परिणाम मनावर होतो. काही जणांना हिवाळ्यात उदासीनता येते, झोपेचे वेळापत्रक बिघडते. दिवसाचा प्रकाश, ढगाळ असला तरी, शरीरातील घड्याळाला योग्य वेळ दाखवतो आणि व्यायामाने मन प्रसन्न होते. या अक्षांशावरील हिवाळी सूर्य क्षितिजाजवळच राहत असल्यामुळे त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व मात्र तयार होत नाही. ते मासे, अंडी यांसारख्या आहारातून किंवा पूरक गोळ्यांतून मिळवावे लागते.

अनुभवी धावपटू निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहतो आणि आपला मार्ग व परतण्याची वेळ घरी सांगून ठेवतो. वारा व पाऊस रोखणारे कपडे, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, विजेरी, शिटी आणि थोडे खाद्य तो जवळ बाळगतो. संकटात एका मिनिटात सहा वेळा शिटी वाजवून एक मिनिट थांबायचे व पुन्हा तसेच करायचे, हा डोंगरातील मान्य संकेत आहे.

शरीराचे तापमान 35 अंशांखाली गेले, तर जीव धोक्यात येतो. प्रथम अंग थरथरते, बोटे बधिर होतात. पुढे बोलणे अडखळते आणि विचार गोंधळतात. हाच या अवस्थेचा सर्वांत घातक भाग होय. कारण माघारी फिरण्याचा निर्णय ज्या बुद्धीने घ्यायचा, तीच तेव्हा मंदावलेली असते. म्हणून परतण्याचा निर्णय भान शाबूत असतानाच घ्यावा लागतो. माथा शंभर पावलांवर असताना मागे फिरणाऱ्याला तेथील जाणकार भित्रा मानत नाहीत. टेकडी उद्याही तेथेच असते; धावणाऱ्यानेही उद्या असायला हवे.