राजवाडा खेळात उतरला तर...

इंदूरच्या मध्यवस्तीतील राजवाडा मराठी माणसाला परका नाही. मल्हारराव होळकरांनी १७४७ च्या सुमारास बांधावयास घेतलेली ही सात मजली वास्तू. तिचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे, जवळच सराफा आहे आणि थोड्या अंतरावर मोबाइल संचांच्या व त्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांनी गजबजलेला जेल रोड आहे. या दुकानांतून घरी गेलेल्या पडद्यांवर आजची तरुण पिढी पोलंडच्या लेखकाने कल्पिलेल्या राज्यांत, जपानी कथाकारांनी रचलेल्या बेटांवर आणि चेक देशातील मध्ययुगीन गावांत तासन्‌तास वावरत असते. तिथल्या गल्ल्या तिला पाठ असतात, तिथल्या राजांची भांडणे तिला ठाऊक असतात. राजवाड्याच्या देवडीतून आत शिरल्यावर एकेकाळी काय काय घडले, हे मात्र त्यांतील फार थोड्यांना सांगता येईल. पणजी, फोंडा किंवा म्हापसा येथील घरांतही चित्र वेगळे नाही.

हा दोष केवळ नव्या पिढीच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. भूमिकाप्रधान खेळ, म्हणजेच रोल-प्लेइंग गेम अथवा आरपीजी, माणसाला इतके का गुंतवून ठेवतात, हे आधी समजून घ्यावे लागेल.

सूत्रधार आणि सोंग

या प्रकाराचा जन्म संगणकावर झाला नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. तो कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळावयाचा. त्याचे मूळ सैन्याच्या हालचालींची मांडणी करणाऱ्या युद्धखेळांत होते, पण या दोघांनी एक मोठा बदल केला. खेळाडूच्या हाती पलटण न देता त्यांनी एकच माणूस दिला. त्या माणसाला नाव, स्वभाव, बळ आणि उणिवा असत. एक जण कथेचा सूत्रधार होई, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलत, आणि धाडस साधले की फसले, याचा निवाडा फासा करी.

गोमंतकीय वाचकाला यात फार नवल वाटू नये. पेडण्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या दशावतारात नटाच्या हाती लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठाऊक असते, सोंग ठरलेले असते, आणि संवाद मात्र रंगमंचावर समोरच्या पात्राला उत्तर देता देता उभा राहतो. कथा कोठे पोहोचणार हे माहीत असूनही आजचा राजा कसा बोलेल, हे ऐकण्यासाठी लोक रात्र जागवतात. भूमिकाप्रधान खेळाचा आनंद याच जातीचा आहे. फरक एवढाच की येथे प्रेक्षकच नट होतो.

१९८१ मध्ये आलेल्या ‘अल्टिमा’ आणि ‘विझार्ड्री’ या खेळांनी सूत्रधाराचे आणि फाशांचे काम संगणकाकडे सोपवले. जपानने १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि १९८७ साली ‘फायनल फँटसी’ देऊन या प्रकाराला सोपे व भावपूर्ण वळण लावले. पुढे ‘पोकेमॉन’मधून तो लहान मुलांपर्यंत पोहोचला. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ या बेल्जियन कंपनीच्या गाजलेल्या खेळात निर्णायक क्षणी पडद्यावर वीस बाजूंचा फासा गडगडतो, तेव्हा अर्धशतकापूर्वीच्या त्या टेबलाचीच आठवण जागी होते.

शून्यातून वाढण्याचा आनंद

या खेळांचे पहिले आकर्षण वाढीत आहे. आरंभी नायकाजवळ काही नसते. बोथट हत्यार, फाटके कपडे, रिकामी थैली आणि कोणी न ओळखणारा चेहरा एवढ्यावर त्याला सुरुवात करावी लागते. प्रत्येक प्रसंगातून त्याला अनुभव मिळतो, अनुभवाचे कौशल्य होते, आणि काल ज्या रस्त्याने जाण्याची छाती नव्हती, त्या रस्त्याने तो आज निर्धास्त जातो. प्रत्यक्ष जीवनात परिश्रम आणि फळ यांचा मेळ अनेकदा बसत नाही. खेळात तो बसतो, आणि डोळ्यांना दिसतो. दिवसभराच्या कामानंतर माणसाला या न्यायाची ओढ वाटली, तर त्यात आश्चर्य नाही.

राजवाड्याच्या कर्त्याचे चरित्र नेमके याच घाटाचे आहे. १६९३ साली जन्मलेले मल्हारराव जेजुरीजवळच्या होळ गावचे. वडिलांच्या निधनानंतर ते खानदेशात तळोद्याला मामा भोजराज बारगळ यांच्याकडे वाढले. मेंढ्या राखणारा हा मुलगा मामाच्या पथकात शिपाई झाला, बाजीराव पेशव्यांच्या नजरेत भरला आणि माळव्याचा सुभेदार झाला. होळच्या माळरानापासून इंदूरच्या सात मजल्यांपर्यंतची ही चढण कोणा कल्पक खेळकर्त्यालाही सहज सुचणार नाही.

निर्णयाचे ओझे

पण केवळ बळ वाढवणे हा खेळाचा वरवरचा थर होय. उत्तम खेळ स्मरणात राहतो तो निर्णयामुळे. कादंबरी वाचताना नायक चुकला, तर वाचक हळहळतो. खेळात नायक चुकला, तर खेळाडू स्वतः चुकलेला असतो.

आंद्रेय सापकोव्स्की यांच्या कथांवर आधारलेला ‘द विचर ३’ हा पोलंडमधील खेळ २०१५ साली आला. त्यात एका झाडाखाली कोंडलेला आत्मा सुटकेची याचना करतो. त्याला सोडवले, तर संकटातील काही अनाथ मुले वाचतात, पण एक गाव उद्ध्वस्त होते आणि एका कुटुंबाचा करुण अंत होतो. त्याला मारले, तर गाव वाचते आणि मुले जातात. दोन्ही वाटा दुःखाच्याच आहेत. शिवाय परिणाम लगेच दिसत नाही. बराच वेळ खेळून झाल्यावर तो समोर येतो, तेव्हा मागे फिरण्याची वाट उरलेली नसते. असा प्रसंग अनुभवलेला तरुण पडदा बंद केल्यावरही त्याचा विचार करीत राहतो. ज्याला मोठी माणसे वेळेचा अपव्यय म्हणतात, त्यात पुष्कळदा असे एखादे नैतिक कोडे दडलेले असते.

तलवारीवाचूनचा विजय

मारामारी म्हणजेच व्हिडिओ गेम, ही समजूतही या प्रकाराला लागू पडत नाही. १९९७ च्या ‘फॉलआउट’मध्ये अखेरच्या शत्रूला न मारता, पुरावा दाखवून त्याची योजना निष्फळ ठरणार असल्याचे पटवून देता येते. २०१९ साली एस्टोनियन लेखक रॉबर्ट कुर्वित्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या ‘डिस्को एलिसियम’मध्ये नेहमीच्या अर्थाची लढाईच नाही. स्मृती हरवलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या डोक्यात त्याची चोवीस कौशल्ये आपापसांत वाद घालतात, आणि सारा खेळ संभाषणावर चालतो.

होळकरांच्या इतिहासात याहून सरस प्रसंग आहे. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले, १७६६ मध्ये मल्हारराव गेले, आणि १७६७ मध्ये अहिल्याबाईंचा एकुलता पुत्र मालेराव निवर्तला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांच्या चिथावणीवरून राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेच्या काठी आले. अहिल्याबाईंनी शेजारच्या सरदारांना पत्रे धाडली, माधवराव पेशव्यांचा पाठिंबा मिळवला आणि तुकोजी होळकरांना क्षिप्रेकडे रवाना केले. राघोबांनाही त्यांनी निरोप पाठवला, असे परंपरा सांगते. त्या निरोपाचा आशय असा की, स्त्रीशी लढून जिंकलात तर कीर्ती मिळणार नाही, आणि हरलात तर अपकीर्तीला सीमा राहणार नाही. आपण तर पुत्रशोकाचे सांत्वन करावयास आलो, असे म्हणून राघोबांनी माघार घेतली. लढाई झाली नाही, राज्य वाचले.

खेळाच्या भाषेत बोलायचे तर येथे तीन-चार वाटा खुल्या होत्या. शरण जाणे, दत्तक घेऊन कारभार दिवाणाच्या हाती देणे, लढणे, अथवा शत्रूला त्याच्याच प्रतिष्ठेच्या पेचात पकडणे. यांपैकी शेवटची वाट सर्वांत अवघड, कारण समोरच्याचा स्वभाव अचूक ओळखल्याशिवाय ती सापडत नाही. शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग एका परिच्छेदात संपतो. ज्याला त्या क्षणी स्वतः वाट निवडावी लागेल, त्याला तो परिच्छेद कितीतरी जड वाटेल.

कोणाची भूमिका घ्यावी?

मग असा खेळ का नाही, हा प्रश्न उरतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा पौराणिक वातावरणाचा खेळ जगापुढे आणला आणि भारतीय वास्तुशिल्प पडद्यावर किती देखणे दिसू शकते, हे सिद्ध केले. तो मुख्यतः साहसखेळ असला, तरी वाट मोकळी झाली. चीनमध्ये ‘पश्चिमेची यात्रा’ या अभिजात कादंबरीवर बेतलेला ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ २०२४ साली आला. त्यासाठी खऱ्या प्राचीन मंदिरांची आणि मूर्तींची मोजमापे घेऊन त्या खेळात उतरवण्यात आल्या. त्यांतील बहुतेक स्थळे शांशी प्रांतातील आहेत, आणि खेळ गाजताच तेथे पर्यटकांची रीघ लागली.

येथे एक अडचण मात्र खरी आहे. अहिल्याबाई लोकांच्या मनात देवीच्या स्थानी आहेत. त्यांच्या तोंडी खेळाडूने हवे ते उत्तर घालावे, हे अनेकांना रुचणार नाही, आणि त्यांचे हे मत अवास्तव म्हणता येत नाही. या अडचणीवरील तोडगा चेक खेळकर्त्यांनी शोधलेला आहे. २०१८ च्या ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’मध्ये १४०३ सालचा बोहेमिया आहे. राजे, सरदार, मठ, गावे बहुतांशी इतिहासातील आहेत. नायक हेन्री मात्र कल्पित, एका लोहाराचा मुलगा आहे. त्यात जादू नाही, राक्षस नाहीत. हेन्रीला आरंभी वाचताही येत नाही. पुस्तक उघडले तर अक्षरे विस्कळीत दिसतात, आणि एका लेखनिकाकडे शिकल्यावरच ती हळूहळू जुळू लागतात. अंगावरचे कपडे मळलेले असतील, तर लोक त्याच्याशी तसेच वागतात. मोठा इतिहास लहान माणसाच्या उंचीवरून दिसतो, आणि थोर व्यक्तींची प्रतिष्ठाही अबाधित राहते.

हाच धडा राजवाड्याला लागू करून पाहावा. खेळाडू होळकरांच्या दरबारातील एक जासूद आहे. त्याला मोडी वाचता येत नाही, म्हणून हातातील लखोट्यात काय आहे हे त्याला ठाऊक नाही. फडावरच्या कारकुनाची मर्जी संपादून तो एकेक अक्षर शिकतो. वाटेत कोणावर विश्वास ठेवावा, घोडा कोठे बदलावा, दिवाणाच्या माणसाने मोहरा पुढे केल्या तर काय करावे, हे त्याने ठरवायचे आहे. अहिल्याबाई त्याला एकदाच, दुरून, दिसतात. क्षिप्रेकाठी लखोटा वेळेवर पोहोचला पाहिजे, एवढेच त्याचे काम. असा खेळ मुलाला मोडीची गोडी लावू शकेल आणि त्याला माळव्याचे रस्ते शिकवील.

यात केवळ करमणुकीचा प्रश्न नाही. राजवाडा तीन वेळा आगीत सापडला, १८०१ मध्ये, १९०८ मध्ये आणि १९८४ मध्ये. शेवटच्या आगीने फार मोठे नुकसान केले. पुढची कमान तगली, मागचा बराच भाग नंतर नव्याने उभारावा लागला. लाकूड जळते, पण वास्तूचे माप, दालनांची मांडणी आणि तिथल्या माणसांच्या कथा नीट नोंदवून ठेवल्या, तर त्या जळत नाहीत. अभ्यासपूर्वक रचलेला खेळ ही अशा नोंदीची एक जिवंत पद्धत ठरू शकते. मात्र त्यासाठी वास्तुविशारद, मोडीचे जाणकार आणि इतिहासाचे अभ्यासक यांना खेळकर्त्यांच्या शेजारी बसावे लागेल. नुसते भरजरी पोशाख आणि भगवे झेंडे दाखवून भागणार नाही.

खेळ आणि जुगार

पालकांच्या मनातील शंकेचाही विचार करणे आवश्यक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला. त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ यांना त्यांपासून वेगळे मानले. कॅसिनोची चर्चा नित्याची असलेल्या गोव्यात हा भेद चटकन ध्यानात यावा. कथा अनुभवण्यासाठी एकदा किंमत मोजून घेतलेला खेळ आणि जिंकण्याच्या आशेने पुनःपुन्हा पैसे ओतायला लावणारा खेळ, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तरीही सावधगिरी हवीच. काही भूमिकाप्रधान खेळ फुकट मिळतात, पण हवे ते पात्र किंवा शस्त्र मिळवण्यासाठी नशिबाची पेटी विकत घ्यावयास लावतात. बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवले. म्हणून मूल किती वेळ खेळते, एवढेच विचारून थांबू नये. खेळात पैसे कशासाठी लागतात, तो कोणत्या वयासाठी आहे आणि त्याला शेवट आहे की नाही, हेही विचारावे. चांगल्या कथेला शेवट असतो, आणि शेवट असलेला खेळ माणसाला केव्हातरी घरी सोडतो.

आणखी एक प्रश्न मुलाला अवश्य विचारावा. काल तू खेळात कोणता निर्णय घेतलास, आणि का? उत्तर देताना तो रंगून गेला, तर खेळ चांगला आहे असे समजावे. आणि सुटीत इंदूरला जाणे झालेच, तर सराफ्याकडे वळण्यापूर्वी त्याला राजवाड्याच्या दारापुढे उभे करून क्षिप्रेकाठची गोष्ट अर्ध्यावर थांबवावी आणि विचारावे, तू असतास तर काय केले असतेस?